जीव हाये का त्याच्यात?

त्या वर्षी दर्यापूर तालुक्यात जनावरांच्या लम्पी रोगाची साथ शिरली आणि पोळा भरलाच नाही. लोकांनी आपापल्या गोठ्यातच बैलांच्या पायावर पाणी घातलं, पुरणपोळीचा घास भरवला, आणि कुठं गाठ लागते का म्हणून पाठीवरून हात फिरवत बसले.

डॉक्टर हीना तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच रुजू झाली होती. मूळची अकोल्याची, वडील जैनुद्दीन तिथं गाद्या भरायचे. पावसानं काळी माती अशी मातली होती की चपला पायात राहत नव्हत्या. बर्फाची पेटी खांद्याला अडकवून ती गावोगाव लस देत हिंडत होती.

एका सकाळी जानराव नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या भुऱ्या बैलाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या.

"येते," हीना म्हणाली. "घरात बर्फ असला तर काढून ठेवा. लस जिवंत असते, उन्हानं मरते."

बोलण्याच्या ओघात ती हे बोलून गेली. रोज कुणाला ना कुणाला हेच सांगत होती.

भुऱ्याला आता लशीचा उपयोग नव्हता. तिनं तापाचं इंजेक्शन दिलं, त्याला वेगळं बांधायला सांगितलं, गाठी फुटल्या तर काय लावायचं ते समजावलं. पलीकडं हरणी गाय उभी होती, दुभती, अंगावर एक डाग नाही. तिची कालवड शेतातल्या झोपडीजवळ बांधलेली होती. हीनानं पेटी उघडली, सुई भरली आणि वळली, तर जानरावची बायको वच्छलाबाई हरणीच्या पुढ्यात येऊन उभी.

"थांबा बाई. फोनवर तुमी म्हनल्या, लस जिवंत असते, मरते. जीव हाये का त्याच्यात?"

जानराव हीनाजवळ सरकला. हळूच म्हणाला, "तिचं माहेर रिद्धपूरकडचं, महानुभाव. ढेकूनबी मारत नाई, उचलून बाहीर नेऊन सोडते. तुमी नाई म्हना अन् सुई लावा."

'नाही' हीनाच्या ओठावरच होतं. कॉलेजात परीक्षेत तिनं तेच लिहिलं होतं, विषाणू सजीव नाहीत, आणि पूर्ण मार्क मिळाले होते. म्हणजे ते खोटंही ठरलं नसतं. पण प्रयोगशाळेतली एक दुपार तिला आठवली. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या पेशी एकामागून एक फुटत चालल्या होत्या, आणि ती मैत्रिणीला म्हणाली होती, "पाह्य ना, कसा पसरून राहिला!" धुळीला कुणी असं म्हणत नाही.

"मावशी," ती म्हणाली, "यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. बाहेर पडला असला की हा रोगाचा विषाणू धुळीसारखा. खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पण जनावराच्या अंगात शिरला, की त्या अंगाकडूनच आपल्यासारखे हजारो करून घेतो. मी त्याला जीव म्हणत नाही. पण नाहीच, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही."

जानरावनं कपाळावर हात मारला.

"अन् या सुईतला?" वच्छलाबाईनं विचारलं.

"त्याच्याच जातीतला, पण दुबळा. हरणीचं अंग त्याला मारून टाकतं, आणि मारायचं कसं ते शिकून घेतं. मग खरा रोग आला की त्याला पुरून उरतं."

"म्हंजे हरणीच्या अंगानं हत्याच." बाई गाईच्या गळ्याखालची लोंबती पोळी कुरवाळत राहिली. "त्याले दुखते का?"

"नाही. दुखायला जे लागतं ते त्याच्याजवळ नाही. एवढं मात्र मी पक्कं सांगते."

"मंग मले रिद्धपूरले जाऊन येऊ द्या. मठातल्या बाबाले इचारतो, मंग द्या."

"मावशी, रोग शेजारच्या दावणीला आहे. थांबायला वेळ नाही."

"आजवर जानून कोनाचा जीव घेतला नाई बाई म्या. एका दिसात कसं मोडू?"

जानराव गाय धरून ठेवायला तयार होता. हीनानं त्याच्याकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, आणि पेटी बंद केली. दुसऱ्या दारी लोक जनावरं धरून खोळंबले होते. चालताना तिला स्वतःचाच राग येत होता आणि का येतो ते नीट कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जानरावचा पुन्हा फोन आला. "हरणी चारा खाऊन नाई राहिली."

हरणीच्या मानेवर, आचळांवर गाठी टरारल्या होत्या, पाय सुजले होते. हीनानं जमेल ते सगळं केलं. दुसऱ्या गावाहून परतताना रोज वाट वाकडी करून ती गोठ्यात यायची. वच्छलाबाई कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धूत बसलेली असायची. तिकडं भुऱ्या हळूहळू सावरला, कडबा ओढू लागला. हरणी मात्र एकदा बसली ती उठली नाही. एका सकाळी, उन्हं गोठ्यात येता येता, तिनं मान टाकली.

शेताच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, जेसीबीनं खोल खड्डा खणला. चुना, मीठ पडलं, माती पडली. जेसीबीवाला निघून गेल्यावर जानराव हीनासमोर येऊन उभा राहिला.

"एक 'नाई' म्हनलं असतं तं काय गेलं असतं तुमचं?"

लस अंगी लागायला काही आठवडे जातात, रोग कदाचित त्याच दिवशी हरणीच्या अंगात असेल, हे तिला सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण त्या ताज्या मातीपुढं ते बोलणं तिला सारवासारवीसारखं वाटलं.

"तिले काहून बोलता?" मागून वच्छलाबाई म्हणाली. "म्या इचारलं, तिनं सांगतलं. रिद्धपूरचे बाबा म्हनले, माय, अशा जिवाचं आमच्या पोथीत नाव नाई. तुह्या मनाले पटन ते कर, पन डोये उघडे ठेवून कर. ते आयकून मी घरी आली तं हरनी तापली होती."

जानराव पाठ फिरवून निघून गेला.

बाई झोपडीकडं गेली आणि कालवडीला घेऊन आली. कुणी सांगायच्या आत तिनं कालवडीचं डोकं छातीशी आवळून धरलं. हीनानं मानेवर, कानावर, पोटाखाली हात फिरवून पाहिलं. अंगात ताप नव्हता, गाठ नव्हती.

"दे माय," वच्छलाबाई म्हणाली. "पाप लागलं तं मले लागू दे."

"मावशी, मी अजूनही तुम्हाला..."

"ठाऊक हाये मले. तुले ठाऊक नाई, हे ठाऊक हाये. दे."

हीनानं मानेची कातडी चिमटीत उचलली आणि सुई लावली. कालवड उसळली, बाईनं तिला सोडलं नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते कालवडीच्या कपाळावरच पुसलं.

कालवड जगली. जानराव दिवाळीपर्यंत हीनाशी धड बोलला नाही. रस्त्यात दिसली की मान दुसरीकडं वळवायचा, आणि तिनंही त्याला कधी अडवलं नाही. वच्छलाबाई मात्र हीनाबरोबर लशीसाठी गल्लीगल्लीतून हिंडली. तिच्या पंथातल्या बाया दारात उभ्या राहून तोच प्रश्न विचारायच्या, जीव हाये का त्याच्यात? हीना उत्तर जुळवू लागायची.

"असनबी जीव," तिच्या आधी वच्छलाबाई म्हणायची, आणि पदर खोचून पुढं व्हायची. "मी धरतो. तू दे."