जोवर ती माझी विधवा राहील

मी एक कागद बोलतोय. व्हरमाँटच्या डोंगरातल्या हार्टवेल गावच्या आसाहेल प्राउटी यांचं मी मृत्युपत्र. गावचे पंच टटलसाहेब यांनी एकाच बैठकीत माझ्या दोन प्रती लिहिल्या. एक वारसा न्यायालयात गेली, तिथं तिला शिक्का बसला. दुसरी प्रत घरात राहिली, ती मी. शिक्क्याचा मान मला मिळाला नाही. माणसांचं सगळं ऐकायला मात्र मीच होतो.

१८३८चा मार्च. मेपलच्या झाडांना रस सुटला होता आणि आसाहेलची छाती भरली होती. वयाची बासष्टी उलटलेली. तो चांगला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवतो. दारूला शिवला नाही, बायकोवर हात उचलला नाही, रविवारची प्रार्थना चुकवली नाही. पुढचं ऐकून तुम्ही त्याला दुष्ट म्हणाल, म्हणून हे सांगितलं.

लोवीना ही त्याची दुसरी बायको. तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. पहिलीचा मुलगा रूफस, त्याला तिनंच सातव्या वर्षापासून वाढवलेला. तिला स्वतःचं मूल झालं नाही. मला लिहीत होते तेव्हा ती पलीकडे स्वयंपाकघरात रस्सा गाळत होती. उशी सारखी करायला दोनदा आत आली. दोन्ही वेळा सगळे गप्प झाले आणि ती बाहेर गेल्यावर पुन्हा बोलू लागले.

"बायकोला काय लिहू?" टटलसाहेबांनी विचारलं.

"उत्तरेकडची खोली. एक गाय, उन्हाळा-हिवाळा तिचा चारा रूफसनं द्यायचा. चुलीच्या मापाची फोडलेली लाकडं. स्वयंपाकघरातून विहिरीकडे जायची वाट. भट्टी आठवड्यातून एक दिवस. आणि तिनं लग्नात आणलेलं अंथरूण-पांघरूण."

टटलसाहेबांची लेखणी थांबली. "ते तर तिचंच आहे की, आसाहेल."

"कायद्यानं बायकोचं ते नवऱ्याचं. माझं आहे, म्हणून तर देतोय."

मग तो थोडा वेळ खोकला. खोकला ओसरल्यावर म्हणाला, "आणि हे सगळं जोवर ती माझी विधवा राहील तोवर. उद्या कुणी येऊन माझ्या खुंटीला त्याची टोपी टांगायला नको."

टटलसाहेबांनी लिहिलं. त्या ओळीची शाई त्यांनी फुंकर घालून वाळवली. बाकी सगळं, म्हणजे शेत, घर, रान, गुरं, रूफसला. आठ दिवसांनी आसाहेल गेला.

मला मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा लोवीना हात मांडीवर ठेवून बसली होती. खोलीचा उल्लेख आला तेव्हा तिनं एकदा मान वळवून उत्तरेकडच्या दाराकडे पाहिलं. त्या खोलीत आजवर सफरचंदं वाळत घालायचे. ऊन कधी यायचं नाही, म्हणून ती वाळायचीही नाहीत.

अशा वेळी विधवेला एक वाट असते. मृत्युपत्र नाकारायचं आणि कायद्यानं मिळतो तो तिसरा हिस्सा मागायचा. त्याला मुदत असते. हे तिला टटलसाहेबांच्या बायकोनं सांगितलं, ते थंडी पडायच्या सुमाराला, सूत कातायला बसल्या असताना. मुदत उन्हाळ्यातच संपली होती.

"आधी का नाही सांगितलंत?" लोवीनानं विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. यांनी सांगितलं असेल."

"यांनी म्हणजे कुणी?"

टटलबाई खाली मान घालून चाक फिरवत राहिल्या.

मी स्वयंपाकघरातल्या लिहायच्या मेजाच्या खणात पडून असे. माझ्या पोटात सत्तावीस ओळी होत्या आणि अठ्ठाविसावी मला लिहिता येत नव्हती. हे दुःख माणसाला कळायचं नाही. माणूस निदान आपला शब्द मागे घेऊ शकतो.

पुढच्या वर्षी रूफसचं लग्न झालं. इलेक्टा आली. एकोणीस वर्षांची, सडपातळ, कामाला वाघ, आणि या घरात आपलं म्हणण्याजोगं काहीतरी असावं म्हणून आसुसलेली. तिला पहिल्यांदा दिसली ती भट्टी.

आमच्याकडे शनिवारी घराघरात घेवड्याच्या दाण्यांचं मडकं भट्टीत जातं. शनिवारी रात्री तेच खायचं, रविवारी प्रार्थनेनंतर तेच. पहिल्या शनिवारी दोन्ही बायका आपापलं मडकं घेऊन भट्टीसमोर उभ्या राहिल्या.

"सासूबाई, तुम्हाला एक दिवस आहे."

"हो. आज."

"शनिवार असं कुठं लिहिलंय?"

रूफसला हाक गेली. त्यानं खण उघडून मला बाहेर काढलं आणि बोट फिरवत वाचलं. 'आठवड्यातून एक दिवस.' कुठला, ते आसाहेलनं सांगितलं नव्हतं. भट्टीत काय आणि कधी जातं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्यापुढे ताट यायचं.

"मग मंगळवार घ्या," रूफस म्हणाला.

त्यानंतर लोवीना रविवारी शिळी मक्याची भाकरी दुधात कुस्करून खाई. पलीकडून गरम घेवड्याचा आणि गुळमट रसाचा वास येई. मला वाटे, खणाची फट फोडून बाहेर यावं आणि ओरडावं, 'शनिवार! शनिवारच म्हणायचं होतं त्याला!' पण माझ्यात होतं तेवढंच माझ्यात होतं.

मग मला वरचेवर बाहेर काढू लागले. गाय व्याली. वासरू कुणाचं? लिहिलं नव्हतं, म्हणून रूफसचं. लाकडं फोडून द्यायची होती, आत आणून द्यायची असं लिहिलं नव्हतं, म्हणून ती अंगणात बर्फाखाली पडून राहत. स्वयंपाकघरातून वाट होती, पण वाटेत थांबायचं की नाही? एकदा इलेक्टा म्हणालीसुद्धा, "वाट चालायला असते, सासूबाई. शेकत उभं राहायला नाही."

लोवीना म्हणाली, "अगं, मी शेकत नाहीये. पाय कुठला आधी टाकायचा ते त्या कागदात पाहून येते आणि मग निघते."

इलेक्टाला हसू आलं होतं. तिनं ते दाबलं.

रूफस वाईट नव्हता. तो माझ्या अक्षराला धरून वागे, एवढंच. बापाच्या शब्दाबाहेर जाणं त्याला पाप वाटे. आणि बापाचा शब्द म्हणजे मी. माझ्या घड्या झिजून तिथली अक्षरं पुसट होऊ लागली, तरी ती एक ओळ ठळकच राहिली.

आसाहेल गेल्यावर सहा वर्षांनी जोथम पीक आला. टेकडीपलीकडे राहणारा विधुर, मधमाश्या पाळणारा. बोलायला सावकाश, बोटं सुजलेली. पोळ्याचा एक तुकडा घेऊन तो मुद्दाम मंगळवारी आला, कारण मंगळवारी लोवीना स्वयंपाकघरात सापडते हे त्यानं हेरलं होतं. इलेक्टा कोंबड्यांकडे गेली होती.

"लोवीनाबाई, माझ्या घराला दोन खिडक्या दक्षिणेला आहेत," तो म्हणाला.

ती पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. "हे मागणं समजायचं का?"

"मला दुसरं कसं बोलायचं ते येत नाही."

"मी आले तर गाय येणार नाही. खोली जाईल. अंथरूणसुद्धा इथंच राहील. अंगावरच्या कपड्यांनिशी येईन."

"गायीला कुणी मागणी घातलीय?"

ती हसली. सहा वर्षांत खणातून मला ऐकू आलेलं तिचं ते पहिलं हसू. मग तिनं भट्टीत एक लाकूड सारलं.

"जोथम, तुम्ही चांगले आहात," ती शेवटी म्हणाली.

"मग?"

"आसाहेलही चांगलाच होता."

तो टोपीची कड चाचपू लागला.

"उद्या तुमच्या घरात आले की माझं जे काही असेल ते तुमचं. तुम्हाला नको असलं तरी तुमचं. आणि तुम्ही खोकायला लागलात की टटलसाहेब येतील, मी रस्सा गाळत बसेन आणि भिंतीपलीकडे माझ्याबद्दल कुणीतरी लिहील. ते मला पुन्हा ऐकायचं नाही."

"मी तसं लिहिणार नाही."

"तुम्हाला ठाऊकच नसेल की तसं लिहिताय. त्यालाही नव्हतं."

जोथम मध ठेवून गेला. पुढं नऊ वर्षं, प्रत्येक शरदात तो एक तुकडा आणून दारात ठेवी, टोपी काढी आणि परत जाई. त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात तो न्यूमोनियानं गेला. लोवीना दफनाला गेली. परत आली आणि त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातून जाताना कुणाकडेही पाहिलं नाही. इलेक्टानं न विचारता तिची लाकडं आत आणून ठेवली. ते कुठंही लिहिलेलं नव्हतं.

सत्तावन्नच्या जूनमध्ये रूफस आजारी पडला. पोटात गाठ होती. वय एक्केचाळीस. टटलसाहेब आता म्हातारे, हात थरथरणारे, पुन्हा आले. रूफसनं खणातून मला काढून आणवलं आणि पांघरुणावर ठेवलं.

"वडिलांनी लिहिलं तसंच लिहा," तो म्हणाला. "नावं तेवढी बदला."

मी त्याच्या छातीवर पडलो होतो, त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत. टटलसाहेबांनी माझ्यावरून उतरवायला सुरुवात केली. माझी प्रत्येक ओळ दुसऱ्या कोऱ्या कागदावर जाताना मला दिसत होती. पत्नी इलेक्टा. उत्तरेकडची खोली. एक गाय.

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. इलेक्टाच्या हातून रश्श्याचं भांडं सुटलं होतं. ती भिंतीपलीकडून ऐकत होती. तिला दोन मुली होत्या आणि थोरला मुलगा सतराचा होता. सगळं त्याला जाणार होतं. पावलं वाजली. तिची उत्तरेकडे गेली आणि थोड्याच वेळात दोघींची परत आली.

लोवीना आजाऱ्याच्या खोलीत शिरली. या खोलीतून जायची वाट तिला माझ्यात दिलेली नव्हती.

"आई, तुम्ही इथं कशाला?" रूफस म्हणाला.

"नियम मोडायला. रूफस, मी तुला सातव्या वर्षापासून वाढवलं. एकच विचारते. तू उत्तरेकडच्या खोलीत कधी बसलायस का?"

"नाही."

"मी एकोणीस वर्षं बसलेय. मे महिन्यात मी तिथं मोजे दोन जोड घालून बसते. तुझ्या बापाला वाटलं, त्यानं मला खोली दिली. तू तीच आता तिला देतोयस. आम्ही दोघी त्या एका खोलीत बसायचं, की मी मरायची ती वाट पाहणार?"

"तिची सोय नको करायला?"

"सोय कसली? बांधून ठेवतोयस. ही अठरा वर्षं तुझ्या शेतात राबली. घरात राहायचं की जायचं, लग्न करायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू दे."

"दुसरं लग्न केलं म्हणजे? माझी जमीन परक्याकडे?"

"तू जमिनीखाली असशील, बाळा. वर कोण नांगरतंय, काय फरक पडतो तुला?"

टटलसाहेब खोकले. इलेक्टा दारात उभी होती, रस्सा सांडलेला झगा तसाच. रूफसनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यानं तिच्याकडे नीट असं त्याच दिवशी पाहिलं.

"तुला काय हवंय?" त्यानं विचारलं.

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं झग्याला हात पुसले. मग म्हणाली, "काहीही द्या. कमी द्या. पण ती ओळ नको."

रूफसनं डोळे मिटले. टटलसाहेब लेखणी धरून थांबले. 

"घर आणि अर्धं शेत इलेक्टाला," तो म्हणाला. "तिच्या स्वतःच्या नावानं."

"विधवा राहील तोवर?" टटलसाहेबांनी सवयीनं विचारलं.

"ती ओळ नको म्हणाली ना ती?"

अर्धा लिहिलेला कागद टटलसाहेबांनी चुरगाळला. माझाच वंश तो, पण तो चुरगाळताना मला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये रूफस गेला. घर इलेक्टाचं झालं. लोवीनाला बांधणारा मी मात्र होतो तसाच. फरक एवढाच की मला पुढे करायचं की नाही, हे आता इलेक्टाच्या हातात होतं. दफनानंतर तिसऱ्या दिवशी तिनं मला खणातून काढलं आणि लोवीनाला म्हणाली, "सासूबाई, आता तुम्ही मोकळ्या. लग्न करा, काही करा. मी खोली मागणार नाही."

लोवीना साठीची होती. ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "आता कुणाशी करू? गायीशी?"

इलेक्टा रडू लागली. "जोथम मागणी घालायला आले तेव्हा मी कोंबड्यांकडे नव्हते गेले," ती म्हणाली. "दाराबाहेर होते. ऐकलं सगळं. मी एक शब्द बोलले असते तर..."

"तेव्हा तुझ्या शब्दाला या घरात कोण विचारत होतं?" लोवीना म्हणाली. पण तिनं इलेक्टाला जवळ घेतलं नाही. नुसती शेजारी बसून राहिली. सगळं माफ होत नाही.

त्या संध्याकाळी इलेक्टानं चुलीचं झाकण उघडून मला आत टाकायला हात पुढे केला. माझा कोपरा तापला. सुटलो, असं मला वाटलं.

"थांब," लोवीना म्हणाली. "जाळू नकोस."

"याला अजून जपायचं?"

"आण इकडे. बघ, इथं. 'लोवीना.' माझं नाव अख्ख्या जगात दोन कागदांवर आहे. एक हा आणि एक न्यायालयात. माझ्या बापानं त्याच्या बायबलात मुलग्यांचीच नावं लिहिली. हा जळला तर न्यायालयातलं कोण उघडून बघणार?"

म्हणून मी राहिलो. लोवीना आणखी बारा वर्षं जगली, दक्षिणेकडच्या खोलीत. तिच्या थडग्यावर लिहिलंय, 'आसाहेल प्राउटी यांची पत्नी.' नाव नाही. दगड लहान होता आणि अक्षरं मोजून घडवायची होती.

आज मी हार्टवेलच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर, एका पुठ्ठ्याच्या पेटीत आहे. पूर्वज शोधणारी माणसं येतात, हातमोजे घालून मला उलगडतात. 'वा, किती काळजी घेतली बायकोची,' असं परवाच एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या. 'गाय, लाकडं, खोली, सगळं लिहून ठेवलंय.' मी त्यांच्या हातात पडून होतो आणि त्यांना काहीही सांगू शकलो नाही.

तुम्हाला सांगतो. कधी ना कधी तुम्हीही आपल्या माणसासाठी असा कागद लिहाल. चांगल्या मनानंच लिहाल. फक्त ज्याचं नाव त्यात घालणार आहात, त्याला आधी आत बोलवा, बसायला खुर्ची द्या आणि विचारा. मग लेखणी उचला. आम्हाला एकदा लिहिलं की पुढं आमच्या हातात काही राहत नाही.