सुपाआडची पेरणी

पेरणीच्या पहिल्याच फेरीनंतर दोरीरावानं मागं वळून पाहिलं. जातानाच्या ओळी सरळ होत्या. येतानाच्या मात्र साप गेल्यासारख्या.

दोरी न बांधता दोरीसारखी ओळ धरतो म्हणून गावानं त्याला हे नाव दिलेलं. वीस वर्षांचं नाव एका दाढेपायी जायची वेळ आली. महिन्यापूर्वी दातांच्या डॉक्टरनं दाढ काढली, तेव्हा आतली शीर दुखावली. दाढ गेली आणि कळ तिथं बिऱ्हाड करून राहिली. डाव्या गालाला वारा लागला की विंचू डसल्यासारखा हात उडायचा आणि बैलांमागची पेरणीची पाभर वाकडी जायची. "कमी होईल. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष," डॉक्टर म्हणाला होता. शेतातली ओल काही वर्षभर थांबणार नव्हती. आणि थंड वारा जाताना उजव्या गालाला, येताना नेमका डाव्या.

"फडकं गुंडाळा," मागून पाभरीच्या चाड्यात बी सोडणारी बायको म्हणाली.

त्यानं मान हलवली. फडक्याचा स्पर्शही सोसत नव्हता. बोलणंही नाही. दिवसाला चार-पाच शब्द, तेही उजव्या बाजूनं.

"मग येताना उलटे चाला."

"बैल?"

"त्यांना काय? तुमचं तोंड बघून कंटाळलेच असतील."

ती घरी गेली आणि सूप घेऊन आली.

"मला पाखडतेस?" रागात दोन शब्द खर्ची पडले, आणि तो गाल न धरता नुसताच कळवळला.

"पाखडून हाती काय लागणार? चला."

वाकड्या ओळी मोडून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. येताना ती त्याच्या डाव्या अंगाला, उजव्या हातानं बी सोडत, डाव्या हातात सूप उंच धरून. ती त्याच्या खांद्याला जेमतेम लागायची, त्यामुळे दुपारपर्यंत तिचा हात भरून आला. ओळी मात्र सुतात.

बांधापलीकडच्या शेजाऱ्याला गाव रेडिओ म्हणायचं. बंद करायचं बटण कुणालाच सापडलं नव्हतं.

"वहिनी, मिरवणूक कुठं निघाली?"

दोघं पेरत राहिली. सगळ्यात शेवटची फेरी बांधालगत आली, तेव्हा रेडिओ अगदी जवळ.

"आमच्या हिलाही सूप आणायला सांगतो. माझंही तोंड दुखतंय."

"तुमचं कुठलं दुखतंय, दादा? दुखतात ते आमचे कान," असं म्हणत ती वळली. तिच्याबरोबर सूपही वळलं. वारा आत शिरला, दोरीरावाचा हात उडाला. तिनं ते पाहिलं. सूप पुन्हा आड धरलं.

पंधरा दिवसांनी कोंब वर आले. दाढेनंतर दोरीरावाची ओळ कशी येते ते बघायला बांधावर बरीच माणसं जमली. सगळं रान सरळ. फक्त बांधाकडच्या ओळींना एका जागी पोट सुटलेलं.

"बघा रे, दोरीला गाठ पडली," रेडिओ म्हणाला.

बायकोचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता हे आपलं नाव सांगणार.

दोरीरावानं सकाळपासून एक शब्दही खर्च केला नव्हता. त्यानं ओठाचा उजवा कोपरा उघडला.

"तिथं तू बोललास."

सगळा बांध हसला. रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला. दोरीरावालाही हसू आवरेना. हसणं सोसत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तो हसत होता. बायको सवयीनं त्याच्या डाव्या अंगाला, वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.