मोहावरचे पिंगळे

"फोटो काढा, का पूजा करा. पन त्या झाडाखाली कोनाचं नाव घ्याचं नाई, सांगून ठेवतो." रुखमिणीबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा सोमाजींनी मान डोलावली.

अट सोपी होती. पिंगळ्यानं, त्या छोट्या घुबडानं, एखादं नाव ऐकलं की तो ते पाठ करतो, रोज घोकतो आणि त्या नावाचा माणूस जातो, हे बाईंच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभ्या मोहाच्या ढोलीत पिंगळ्याची तीन पिल्लं होती. घरात सून सात महिन्यांची गरोदर, म्हणून बाईंना ढोलीचं तोंडच मातीनं लिंपून टाकायचं होतं. आठ दिवसांत पिल्लं उडतील, असं सांगून सोमाजींनी हातापाया पडून मुदत मागून घेतली होती.

लाखनीत त्यांचा स्टुडिओ. तीस वर्षं लोकांना 'हनुवटी वर, हलू नका' सांगण्यात गेली. बायको गेल्यावर हे पाखरांचं वेड लागलं. ही पिल्लं तर न सांगताच ढोलीच्या तोंडाशी ओळीनं बसत आणि डोळे वटारून थेट कॅमेऱ्यात बघत. असं गुणी गिऱ्हाईक त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. सोमाजींचा जीव जडला होता.

चौथ्या दिवशी सकाळी सासू-सुना झाडाखाली मोहफुलं वेचत होत्या. सोमाजींनी कॅमेरा खाली घेतला आणि त्यांना दिसलं, सुनेच्या हातापासून वीतभर अंतरावर पाचोळ्यात घोणस वेटोळं करून पडली होती.

"हर्षा! मांगं हो!"

तिच्या लग्नाचा अल्बम त्यांनीच केला होता. नाव तोंडातून निघून गेलं. हर्षा झटकन मागे सरली, घोणस फुसफुसत धुऱ्यापलीकडे गेली. पोरगी वाचली. पण रुखमिणीबाई वर बघत होत्या. तिन्ही पिल्लं माना वाकड्या करून खाली पाहत होती.

"साप टळला, पन नाव गेलं जी." बाई म्हणाल्या. त्यांनी टोपलीतली फुलं ओतून दिली आणि तीत माती भरायला घेतली. "आत्ताच लिपून टाकतो."

"अवो, पाखरू आहे ते. त्याले काय समजते?"

"तुमाले काय जाते बोलाले? तुमच्या घरी कोन उरलं आहे?"

हे सोमाजींना लागलं. पण खोटं कुठं होतं? त्यांनी कॅमेरा हर्षाच्या हाती दिला, मोहाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले आणि वर तोंड करून ओरडले, "सोमाजी! सोमाजी निंबार्ते, मुक्काम लाखनी! हेच नाव घ्या रे बाबू. पोरीचं इसरा."

आपलंच नाव त्यांना परकं वाटलं. आई गेल्यापासून ते असं मोठ्यानं कुणी उच्चारलं नव्हतं. गावाला ते नुसते फोटोवाले. ते पुन्हा ओरडले.

"पुरे करा, भाऊ," रुखमिणीबाई म्हणाल्या. त्यांनी मातीची टोपली तिथंच उपडी केली.

आठव्या दिवशी ढोली रिकामी झाली. सोमाजींनी तिचाही एक फोटो काढला.

नवव्या दिवशी सकाळी ते स्टुडिओचं शटर वर करत होते, तर समोर रुखमिणीबाई उभ्या.

"काई काम होतं का?"

"नाई जी. शटर उघडलं का, तेवढं पाह्याले आलो." त्यांनी सोमाजींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि एसटीकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या.