सज्ज्याकडे तोंड
लंडनहून आलेल्या वास्तुविशारदाने चर्चच्या मागच्या टोकाच्या लाकडी सज्ज्याकडे छडी रोखली आणि म्हणाला, "हे आधी पाडा." कारण काय, तर चर्च पाचशे वर्षांचं आणि सज्जा जेमतेम शंभराचा, म्हणून शोभत नाही म्हणे! शंभर वर्षं म्हणजे काय कालचं पोर?

केटुरा डॉबलचं डोकंच फिरलं. तिचा नवरा एनॉक आठवडाभर लोहारकाम करायचा आणि रविवारी त्या सज्ज्यात बाकीच्या वादकांबरोबर बसून गुडघ्यांमध्ये मोठं व्हायोलिन धरून वाजवायचा. गाण्याच्या वेळी सारं गाव वेदीकडे पाठ करून वर सज्ज्याकडे बघत गायचं. ती तडक पाद्र्याच्या दारात गेली.

"पाद्रीसाहेब, वाजवणाऱ्यांनी बसायचं कुठे?"

"बाई, आता पायपेटी येतेय. आमच्या मिसेस वाजवतील. तुमची मंडळी तर प्रवचन चालू असताना वर बिअर पितात."

"मग! तुमचं प्रवचन कोरड्या घशाने उतरतं होय?"

दार धाडकन बंद झालं.

सज्जा गेला. त्याच्या फळ्यांचं पाद्र्याच्या कोंबड्यांना खुराडं झालं. भिंतींचा जुना गिलावासुद्धा खरवडून काढला, कारण वास्तुविशारदाला उघडा दगड आवडत होता. एनॉकने व्हायोलिन भट्टीवरच्या खिळ्याला टांगलं आणि तो गप्प झाला. ते गप्प राहणंच केटुराला सोसवेना.

"अहो, बोला की काहीतरी!"

"काय बोलू? चर्च त्यांचं."

"त्यांचं? मग तुमच्या वडलांना पुरलंय कुणाच्या अंगणात?"

उद्घाटनाला बिशप आले. नवे बाक, सगळे वेदीकडे तोंड केलेले. एनॉक अगदी शेवटच्या बाकावर बसला. पुढे पायपेटी सुरू झाली, गाव उठलं आणि सवयीने सगळेच्या सगळे मागे वळले. बिशपकडे पाठ, पायपेटीकडे पाठ. समोर नुसती उघडी भिंत आणि तिच्यापुढे एकटा एनॉक.

"इकडे! इकडे तोंड करा!" पाद्री कुजबुजत ओरडला. काहीजण ओशाळून वळू लागले.

"कुणी वळलं तर माझ्याशी गाठ आहे," केटुरा म्हणाली. तिचा आवाज बिशपपर्यंत पोचला असावा. पोचू दे!

वळलेले परत फिरले. एनॉकने सगळ्यांकडे पाहिलं. मग तो खाली बसला, त्याने गुडघे फाकवले आणि त्याचा राठ उजवा हात रिकाम्या हवेत व्हायोलिनचा गज ओढू लागला. त्या हाताकडे बघत गाव गायला लागलं. पायपेटी काय वाजवत होती, ते पाद्रीणबाईंनाच ठाऊक.