धार पडताना मागे बघायचं नाही

मोठीबाईंच्या घरात कॉफीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. मुलगा बिया भाजायचा, सून घरच्या यंत्रावर एस्प्रेसो काढायची. पण मोठीबाईंनी चाखून ‘हं’ म्हटल्याशिवाय दुकानाच्या मिश्रणाची एक बी पिशवीत पडत नसे. नवरा गेल्यापासून हा मान त्यांचा. त्यासाठी दिवाणखान्यात त्यांची खुर्ची होती, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ केलेली. कपात काय घातलं ते आधी दिसलं की माणूस डोळ्यांनी चव घेतो, असं त्यांचं म्हणणं. कप हातात येईपर्यंत त्या मान वळवत नसत.

सुनेलाही नियम होता. यंत्र भिंतीला टेकलेलं, म्हणजे काढणारीची पाठ दाराकडे. “धार पडताना मागे बघायचं नाही. घर पेटलं तरी नाही. धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक हवी, मधासारखी संथ. फिकी पडली की बंद. तेवढ्यात तुझी नजर हलली तर कप गेला मोरीत.” सुनेने हे इतकं ऐकलं होतं की झोपेतही तिने मान वळवली नसती.

आणि अशा घरात मोठीबाईंचीच चव गेली होती.

थंडीत साधा ताप आला, उतरला, जाताना तेवढी घेऊन गेला. आधी मीठ लागेना, मग गोड, शेवटी कडूसुद्धा. कॉफी प्यायची म्हणजे तोंडात नुसतं गरम पाणी खेळवायचं. पण सांगणार कोणाला? मुलगा एकदा बोलून गेलाच होता, “आई, चव बघायला एखादा पगारी माणूस ठेवू या. तुलाही आराम.” आराम म्हणे! आराम काय, शेवटी चार खांद्यांवर मिळतोच. मोठीबाईंनी खुर्ची सोडली नाही. कानाने आणि डोळ्याने निभावून नेलं. ग्राइंडरचा आवाज पातळ आला की “दळण भरड झालंय,” कपावरची तांबूस साय लगेच विरली की “बिया शिळ्या आहेत.” बरोबरच यायचं. निम्मं आयुष्य यात गेलं, कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

पण त्या सकाळी नव्या हंगामाचा माल आला. नव्या बिया म्हणजे तीन डब्यांतल्या बियांचं मिश्रण पुन्हा बसवायचं, आणि गिऱ्हाइकाला फरक कळता कामा नये. हे काम कानाचं नाही, डोळ्याचं नाही.

सुनेने पहिला कप आणला. मोठीबाईंनी घोट घेतला. काही नाही.

“आंबट,” त्यांनी ठोकून दिलं. नवा माल बहुतेक आंबटच असतो.

मुलाने चाखलं. “आहे खरा आंबट. तुम्ही दोघी बसवा, मी गाडीतली उरलेली पोती उतरवून येतो.” तो खाली गेला, सून आत गेली. मोठीबाई खुर्चीत बसून राहिल्या. पुढच्या कपाला काय म्हणायचं? कडू? आणि निघाला आंबटच तर?

दुसरा कप आला. त्यांनी ओठाला लावला.

चव लागली. जळक्या साखरेची, संत्र्याच्या सालीची, आणि सगळ्यात शेवटी, घशाशी, विझलेल्या लाकडाची. नवऱ्याच्या हातचं मिश्रण! तो गेल्यावर कितीही डोकं आपटलं तरी त्यांना स्वतःला ते कधी साधलं नव्हतं.

“यात काय केलंस गं?”

“तुम्ही सांगितलं तेच, आई.”

“मी कधी सांगितलं?”

“आत्ताच नाही का, मी आधी एक कप काढून बघत होते तेव्हा मागे येऊन. ‘पहिल्या डब्यातलं कमी कर, तिसऱ्यातलं मूठभर वाढव, आणि हात सैल सोड, बी चावत नाही तुला.’” सून हसली. “रोजच तर येता. तापातून उठल्यापासून एक दिवस चुकला नाहीत. पूर्वी खुर्चीतून ओरडायचात, आता कानाशी बोलता.”

मोठीबाईंनी कप खाली ठेवला. ताप गेल्यापासून सकाळी त्या या खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

“मागे वळून बघितलंस कधी?”

“धार पडताना?” सुनेचे डोळे मोठे झाले. “तुम्हीच तर म्हणता...”

तेवढ्यात मुलगा वर आला. त्याने कप उचलला, घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. “आई! बाबांचं मिश्रण आहे हे. कोणी बसवलं?”

खरं सांगावं, तर खुर्ची गेली. मोठीबाईंनी पदर सारखा केला.

“मी सांगितलं, तिने केलं. इथे दुसरं आहे कोण?”

“संपलं. पगारी माणसाचं नाव काढणार नाही पुन्हा,” म्हणत तो प्रमाण लिहून घेऊन दुकानात गेला.

“सूनबाई, अजून एक काढ,” मोठीबाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, खरवडून काढल्यासारखा.

आत ग्राइंडर घरघरला. पूड भरलेला दांडा यंत्रात बसल्याचा खट्ट आवाज आला. मग धार सुरू झाली, आणि धारेबरोबर एक बाई बोलली. ठसठशीत, तापाआधीच्या मोठीबाई जशा बोलायच्या तशी.

“डोळे धारेवर ठेव. पेंगायला कोणी सांगितलंय?”

“हो, आई,” सून म्हणाली.

मोठीबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ओरडावं, अगं मी इथे आहे, ती मी नव्हे! तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मग त्यांनी हळूहळू मान वळवायला घेतली.

“मागे बघायचं नाही,” तोच आवाज मोठीबाईंच्या कानाशी म्हणाला.

या वेळी सून ‘हो, आई’ म्हणाली नाही. धार तशीच पडत होती. मोठीबाईंनी मान सरळ केली आणि कपासाठी हात पुढे धरला.