कप्तान, आज कुठलं बंदर?

कैरवने केस कापले त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सुतक पाळलं गेलं.

कैरव म्हणजे गायक. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्याशी मला फारसं बोलायचं नाही, तरी सांगते. मराठीत गातो, नाचताना एक पाय उगाच लंगडल्यासारखा टाकतो, आणि केस खांद्यापर्यंत. म्हणजे होते. आम्ही त्याचे चाहते स्वतःला कैऱ्या म्हणवतो. जुने झाले ते लोणचं, नवे येतात ते बाळकैरी, आणि ग्रुपचं नाव ‘कैरीची फोड’. यात हसण्यासारखं काय, असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. सगळ्याच गमती सगळ्यांसाठी नसतात.

तर केस. पहिली बातमी पूनमने टाकली. ही रहाटणीची, बँकेत असते, आणि काउंटरवर लोक उभे असताना टेबलाखाली टाइप करते असा आमचा संशय. तिने लिहिलं, ‘आजपासून दहा दिवस कुणी गाणं टाकायचं नाही. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत शांतता.’ पिंपरीच्या शहेबाजचं घरचं गॅरेज आहे. तो म्हणाला, ‘आमच्या शेजारच्या सलूनवाल्याला विचारतो राव, वेल्डिंग करून मिळतील का.’ राजगुरुनगरचा ज्ञानेश कधीच शब्द लिहीत नाही, त्याने अंगठा टाकला. यावरून पूनम चिडली, की मयताला अंगठा कोण दाखवतं? शेवटी फरीदा मध्ये पडली. ती अ‍ॅडमिन. ‘गप्प बसा रे. केस आहेत, परत येतील. कंपनीतून काढलेली माणसं आहेत का ती?’

हे सगळं मी वाचलं तेव्हा भांडण कधीच संपलं होतं. चेष्टा थंड झाली होती, लोक आपापल्या कामाला लागले होते. मी लिहिलं, ‘कापलेले केस कुणी उचलले का? मला गंगावन करायचंय.’

आणि मग ग्रुप पुन्हा उठून बसला. शहेबाजने लांबलचक ‘हाहाहाहा’ टाकलं, आणि लिहिलं, ‘आली! कप्तान आली! कप्तान, आज कुठलं बंदर?’

कप्तान म्हणजे मी.

माझं नाव निशिगंधा. गाव हिंगोली जिल्ह्यात, राहते चाकणला, मेदनकरवाडीत. एका कंपनीत गाड्यांची वायरिंग बनवायच्या लाइनवर आहे. आमच्याकडे फोन आत नेता येत नाही. गेटवर खणांचं लाकडी कपाट आहे, त्यात फोन ठेवायचा, नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. बाहेर येईपर्यंत जग बुडालं तरी आम्हाला पत्ता नसतो. वर शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पहिली, दुसरी, तिसरी, परत पहिली. त्यामुळे ग्रुपवर मी या आठवड्यात दुपारी उगवते, पुढच्या आठवड्यात मध्यरात्री, त्याच्या पुढच्या आठवड्यात लोक दात घासत असतात तेव्हा. आणि येते तेव्हा शिळ्या गप्पांना फोडणी देत बसते, कारण ताज्या गप्पा माझ्या वाट्याला येतच नाहीत.

चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही माणसाने हे एका मिनिटात ओळखलं असतं. पण आमच्या ग्रुपमध्ये कंपनीत लाइनवर कुणीच नाही. शहेबाजने एकदा माझ्या मेसेजच्या वेळांचा अभ्यास केला आणि जाहीर केलं की ही बाई एका देशात राहतच नाही. दर आठवड्याला हिचं घड्याळ सरकतं. ही बोटीवर आहे. पूनमने लगेच पुरावा जोडला, की मागे ही म्हणाली होती, ‘आत गेलं की संपर्कच नाही.’ समुद्रात कुठलं नेटवर्क?

मी हसले. वाटलं चेष्टा चाललीय, तर चेष्टेत उत्तर द्यावं. लिहिलं, ‘आज लाटा फार आहेत.’ झालं. तेव्हापासून मी कप्तान. बोटीवर आहे असं मी कधीही म्हटलेलं नाही, हे कुणीही वर जाऊन तपासावं. सिंगापूर का, असं विचारलं तर मी लिहायचे, ‘इथे चहा फार गोड आहे.’ तो कँटीनचा असायचा. पण हळूहळू चेष्टा कमी आणि विश्वास जास्त झाला, आणि तो नेमका कुठल्या दिवशी झाला ते मला कळलंच नाही. वादळाच्या बातम्या आल्या की फरीदा मला वेगळा मेसेज करायची, ‘कप्तान, ठीक आहेस ना गं?’

हा मेसेज मी कितीदा तरी वाचायचे.

कारण माझी खोली अशी आहे. तिघी राहतो, तिघींच्या शिफ्ट वेगळ्या. दोरीवरचा ओला टॉवेल म्हणजे एक रूममेट आणि बेसिनमधला कप म्हणजे दुसरी. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या जगाचा रविवार असतो तेव्हा मी लाइनवर, आणि मी सुट्टीवर असते तेव्हा जग कामावर. एका गुरुवारी रावेतला गेले होते, उगाच, पूल बघायला. दिवसभरात फक्त कंडक्टरशी बोलले. घरी फोन केला की आई विचारते, जेवलीस का. जेवले म्हणते. त्यापुढे दोघींनाही सुचत नाही. मला एकटं वाटतं. फार वाटतं. हे वाक्य मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही, कारण कप्तानला असलं काही वाटत नाही.

मग कैरवचा कार्यक्रम ठरला. मोशीला, मैदानावर, रविवारी संध्याकाळी. म्हणजे माझ्या खोलीपासून एका बसच्या अंतरावर.

ग्रुप वेडा झाला. इतकी वर्षं नुसत्या टाइप केलेल्या शिव्या, आता पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटायचं. सगळ्यांनी पोपटी घालायचं ठरलं. ज्ञानेशला तोंडी बोलता येतं का याची चर्चा दोन दिवस चालली. शहेबाजने लिहिलं, ‘कप्तानला व्हिडिओ कॉल करू, बिचारीला लांबून तरी दिसू दे.’ आणि पूनमने मला रडका चेहरा पाठवला, की तू पाण्यात आणि आम्ही मैदानात.

बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तरी मी काही लिहिलं नाही. ठरवलं, की सरळ जाऊन समोर उभं राहायचं आणि सांगायचं, मीच. बोट नाही, बंदर नाही, चाकणला राहते, तिसरी शिफ्ट संपवून तुमचे फालतू जोक वाचते. आधी शिव्या देतील, मग हसतील. मग या गावात माझं नाव घेणारी चार माणसं असतील. बसमध्ये बसून कुणाकडे तरी जाता येईल. मला बाकी काही नको होतं. आणि ते हसलेच नाहीत तर कप्तानही जाणार होती, हेही मला कळत होतं. ती गेली तर माझ्याकडे तो टॉवेल आणि तो कप एवढंच उरणार होतं.

त्या रविवारी माझी दुसरी शिफ्ट होती. लाइनवरच्या चतुराबाईंची पहिली. या इथल्याच गावच्या, कंपनी येण्याआधीपासूनच्या. त्यांना अदलाबदल मागितली तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“का गं, पोरगं बघाया चाललीस व्हय?”

“हो. एका पोराला बघायलाच.”

“मंग जा की. आमी हाय हितं.” आणि वळता वळता, “केसं नीट बांधून जा.”

केस नीट बांधले. पोपटी कुर्ता आणायला वेळ नव्हता, निळाच घातला. मैदानाच्या फाटकापाशी गर्दी इतकी, की मला वाटलं ते सापडणारच नाहीत. पण सापडले. खाण्याच्या गाड्यांच्या रांगेत, पोपटी कपड्यांतले चौघं. ग्रुपवरच्या फोटोंमुळे ओळखू आले (माझा मी कधी टाकला नव्हता), तरी फोटोतल्यासारखं कुणीच नव्हतं. फरीदा माझ्यापेक्षा लहान निघाली. मी तिला कायम थोरली समजत आले होते. शहेबाजने एका काठीच्या टोकाला पांढरी टोपी अडकवली होती, पट्टीवर सोनेरी नांगर असलेली, शाळेच्या नाटकाला भाड्याने मिळते तसली. कप्तान येणार नव्हती, म्हणून तिच्या जागी तिची टोपी. ती तो उंच धरून उभा होता.

“अजून वर धर,” पूनम म्हणत होती. “बोटीवरची आहे, उंच असणार.”

माझी उंची त्याच्या खांद्याच्याही खाली भरली असती.

मी त्यांच्या अगदी मागे, भज्यांच्या गाडीपाशी उभी राहिले. तोंडाने सांगायची हिंमत होईना. म्हणून जे येतं ते केलं, टाइप केलं. ‘मी आलेय. तुमच्या मागेच उभी आहे. वळा.’

चार फोन वाजले. चौघांनी वाचलं आणि चौघं वळले. मी हसून उभी. शहेबाजची नजर माझ्या डोक्यावरून गेली, पार मागच्या खांबापर्यंत. पूनमने माझ्या उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. ज्ञानेश टाचा उंचावून बघायला लागला. फरीदाने माझ्याकडे पाहिलं, खरंच पाहिलं, आणि जरा बाजूला झाली. तिला वाटलं मला भज्यांच्या रांगेतून पुढे जायचंय.

“फसवलं राव!” शहेबाज ओरडला. “वेडे आपण. समुद्रात बसून वळायला लावलं आपल्याला.”

मला राग आला. आणि रागापेक्षा लाज वाटली. हात वर करायचा होता, तेवढंच काम होतं. पण जिला ते शोधत होते ती मी नव्हतेच, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं. त्यांना हवी होती ती टोपी डोक्यावर बसणारी कुणीतरी. मी सांगितलं असतं तर त्यांनी चांगुलपणाने मानलंही असतं, पण आधी एक क्षण त्यांचे चेहरे पडले असते. तो क्षण मला बघायचा नव्हता.

ग्रुपवर शहेबाजने लिहिलं, ‘कप्तान, हे पाप कुठल्या बंदरात फेडशील?’

मी लिहिलं, ‘तुझ्या गॅरेजमध्ये. बोट पंक्चर झालीय.’

आणि मग मी जे पाहिलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जोकवर माणसं हसताना. शहेबाज, जो मैलभर ‘हाहाहा’ टाकतो, तो जराही हसत नाही. गंभीर चेहऱ्याने टाइप करतो, हिशेब केल्यासारखा. आणि ज्ञानेश, नुसता अंगठा टाकणारा ज्ञानेश, गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो. पूनम त्याच्या पाठीवर बुक्क्या मारते. फरीदा दुपट्टा तोंडावर धरते. मी एकामागून एक पाठवत राहिले. कैरवला उशीर होतोय तर तो केस शोधत असेल. ज्ञानेश बोलला का, बोलला असेल तर नोटरी करून घ्या. त्यांची उत्तरं ताबडतोब येत होती, माझी त्याहून ताबडतोब जात होती. पहिल्यांदाच मी शिळी नव्हते. भजीवाल्याने दोनदा विचारलं, ताई, घेणार का. मी हात हलवला. माझं पोट भरलं होतं, असं काहीतरी वाटत होतं.

“आज काय रेंज आहे हिला!” पूनम म्हणाली. “इथेच असल्यासारखी बोलतेय.”

मग दिवे गेले आणि कैरव आला. मी एवढी वाट पाहिलेला माणूस. खरं सांगते, कुठली गाणी झाली ते मला धड आठवत नाही. मी ओळी पाठीमागून म्हणत होते, त्यांच्याबरोबरच, पण माझं लक्ष त्यांच्या फोनकडे होतं. चौघांनीही खिशात टाकले होते. मी एकदा लिहिलं, ‘कसा दिसतोय?’ कुणी बाहेर काढला नाही. व्हिडिओ कॉलही कुणाला आठवला नाही. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. समोर माणूस गात असताना फोन कशाला बघायचा?

कार्यक्रम संपल्यावर गर्दी फाटकाकडे सरकली. मी त्यांच्या पाठोपाठ होते, का ते माहीत नाही. फाटकाजवळ उजेड होता. शहेबाज इकडेतिकडे बघत वळला आणि यावेळी थेट माझ्याकडेच पाहिलं.

“ताई, एक फोटो काढता का आमचा?”

मी फोन घेतला. ते उभे राहिले, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. त्या जागेवर शहेबाजने काठीने टोपी धरली.

“जवळ या ना थोडं,” मी म्हणाले.

“नको ताई, ती जागा एकीची आहे,” पूनम म्हणाली. “ती लांब असते.”

मी तीन काढले. फोन परत दिला. शहेबाज तिथेच मान खाली घालून फोटो बघायला लागला. फरीदा मात्र माझ्याकडे बघत थांबली. ग्रुपवर असते तशीच, सगळ्यांची काळजी असल्यासारखी.

“ताई, एकट्याच आलात का तुम्ही? उशीर झालाय, बसला गर्दी असेल. सोडू का कुठे?”

“नाही हो,” मी म्हणाले. “आमचा ग्रुप आहे. इथेच आहेत सगळे.”

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. शहेबाजने फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘कप्तान, मधली जागा तुझी. तू हवी होतीस.’

फरीदाने माझ्या फोनकडे पाहून मान हलवली. “बघा, शोधत असतील तुम्हाला.”

“हो ना,” मी म्हणाले, आणि फोन उलटा धरला.