कायमचा पासवर्ड

“देव्या, माझा आवाज कुणालाच जाऊन नाही राहिला. शिर लवकर आत!”

फोन लातूरहून, बापूसाहेबांचा. देविदास भरल्या ताटावरून उठला, वरणाचा हात शर्टाला पुसला आणि लॅपटॉप उघडून कंधारातून इंटरनेटवरून थेट बापूसाहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. परवानगी मागायची गरजच नव्हती. बापूसाहेबांनीच मागे त्याला कायमचा पासवर्ड टाकायला लावला होता. “दरवेळी तू विचारणार, मी होय म्हणणार, कटकट कशाला? घर तुझंच हाय.” या वाक्यावर देविदास कित्येक दिवस हवेत होता. बायकोला, कावेरीबाईला, त्याने ते इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तिने हात जोडले.

नांदेडच्या होस्टेलवर दोघे एका खोलीत राहिले, एका डब्यात जेवले. पुढे बापूसाहेब लातुरात शिक्षणसंस्थेचे सचिव झाले आणि देविदास शाळेत कारकून. आता दोघांना बांधून ठेवलं होतं ते बापूसाहेबांच्या सतत बिघडणाऱ्या कॉम्प्युटरने. दिवाळीला फोन यायचा नाही, पण प्रिंटर अडला की हटकून यायचा. देविदासला त्याचं काही वाटत नसे. म्हणजे वाटे, पण मैत्रीत एवढं चालायचंच, अशी तो स्वतःची समजूत घाली.

आज मात्र त्याचाही स्वार्थ होता. संस्थेच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची जागा निघाली होती आणि त्याच्या लेकीने, अयोध्याने, तिथे मुलाखत दिली होती. निर्णय आजच्या ऑनलाइन बैठकीत व्हायचा होता. बापूसाहेबांनी शब्द दिला होता, “पोरगी आपलीच हाय.”

माइकची भलतीच सेटिंग लागली होती. देविदासने ती बदलली.

“आला आवाज! आता फोन ठिवू नको. तू आतच थांब, पुन्हा बिघडलं तर?” म्हणत बापूसाहेबांनी चालू फोन टेबलावर ठेवला आणि त्याला विसरून गेले. देविदासने स्पीकर लावला. अयोध्या त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

“कंधारची मुलगी मला चांगली वाटली,” बैठकीतल्या मुग्धाताई म्हणाल्या. “तिने तास घेतला तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकत होती. तुमच्या मित्राची ना ती, बापूसाहेब?”

“मित्र कसला? त्याचं असं आहे...”

“बापूसाहेब, आवाज गेला तुमचा!”

बापूसाहेब ‘हॅलो हॅलो’ करत वायर हलवू लागले. देविदासचा हात आपसूक माउसवर गेला. सेटिंगची खिडकी उघडली, माइक पुन्हा निवडला, खिडकी मिटली. आवाज आला.

“आला ना? वायर हलवली की येतो,” बापूसाहेब म्हणाले. “तर मित्र-बित्र काही नाही. माझा कॉम्प्युटर दुरुस्त करतो तिचा बाप. अशा लोकांना जरा जवळ केलं, की पोरंबाळं घेऊन दारात उभे राहतात. आपण मनस्विनीला घेऊ. अध्यक्षांची भाची, घरातलीच मुलगी.”

“बरं,” मुग्धाताई म्हणाल्या.

जागा गेली, याचं देविदासला दुःख होतंच. पण जिला लहानपणापासून त्या होस्टेलच्या गोष्टी सांगितल्या, ती पोरगी पाठीमागे उभी राहून हे ऐकत होती, याची लाज जास्त होती. माउस त्याच्याच हातात होता. एका क्लिकमध्ये बैठक बंद पाडता आली असती.

“राहू द्या, पप्पा,” अयोध्या हळूच म्हणाली.

बैठक संपल्यावर बापूसाहेबांनी फोन उचलला. “देव्या, हायेस का? लई जोर लावला रं पोरीसाठी. पण मेंबर लोक ऐकतेत कुठं?”

बापूसाहेबांच्या पडद्यावर बाण सावकाश सरकू लागला.

“हे काय करून राहिलास?”

“माझा पासवर्ड होता तुमच्याकडं. काढला.”

“आं? मग पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी विचारून येईन, साहेब. तुम्ही होय म्हणायचं, मगच मी आत.”

होस्टेलपासून तो त्यांना बाप्या म्हणत आला होता. मग बापूसाहेब म्हणाले, “बरं, जाता जाता तो प्रिंटर तेवढा बघतो का?”

देविदासने फोन ठेवला आणि बापूसाहेबांच्या कॉम्प्युटरमधून बाहेर पडला. पडद्यावर त्याचा स्वतःचा रिकामा डेस्कटॉप उरला.

“पप्पा, त्यांचा आवाज गेलता,” अयोध्या म्हणाली. “काहून आणलात?”

“हाताला सवय लागली, माय.”

माउसवर वरण वाळलं होतं. देविदास ते नखाने खरवडत बसला.